हायड्रोजनचे पंप कुठे आणि कुणासाठी? जेएनपीटी-चाकण मार्गाच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: "माझे ट्रेलर जेएनपीटी बंदर ते चाकण-तळेगाव चालतात, यार्ड कळंबोलीला आहे. राज्याने हायड्रोजन पंपांना अनुदान जाहीर केलं, केंद्राने मुंबई-पुणे मार्गावर हायड्रोजन ट्रकची चाचणी सुरू केली, पण आमच्यासारख्यांना भरायला पंप कुठेच दिसत नाही. सरकार हे नियोजन कशाच्या आधारावर करतं? पंप कुठे व्हायला हवेत? आणि पुढच्या गाड्या घेताना मी हायड्रोजनसाठी थांबू का?"

माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबईच्या आसपास गॅसच्या कामात गेली. आधी कारखान्यांना ट्यूब ट्रेलरने हायड्रोजन पोचवणं, नंतर सीएनजी पंपांची उभारणी आणि देखभाल. त्यामुळे उत्तर त्या अंगाने देतो. तुमचा तिसरा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो पहिल्या दोनांवर अवलंबून आहे.

कागदावर काय आहे ते आधी बघू. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपये, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित (म्हणजे सौर-पवनसारख्या स्वच्छ ऊर्जेवर बनवलेला) हायड्रोजन बनवण्याचं लक्ष्य. यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र) आणि हायड्रोजनच्या उत्पादनासाठी आहेत. वाहतुकीच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात २०२५-२६ पर्यंत ४९६ कोटी. मार्च २०२५ मध्ये त्यातून पाच प्रकल्प मंजूर झाले: ३७ बस-ट्रक, ९ पंप, सुमारे २०८ कोटींचं सहाय्य, देशभरातले दहा मार्ग. पुणे-मुंबई हा त्यातला एक. त्याच महिन्यात टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांची चाचणी सुरू झाली, ती जास्तीत जास्त दोन वर्षं चालायची आहे.

राज्याचं धोरण जुलै २०२३ चं, ८,५६२ कोटींचं. त्यात पहिल्या २० पंपांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, पण कमाल साडेचार कोटी, असं अनुदान आहे. पहिल्या ५०० फ्युएल सेल (गाडीतच हायड्रोजनपासून वीज बनवून चालणाऱ्या) वाहनांनाही ३० टक्के, कमाल ६० लाख. पण हे वाहन-अनुदान प्रवासी वाहनांसाठी आहे. तुमच्या ट्रेलरला ते लागू होत नाही. म्हणजे पंपाला पैसे एका हिशोबाने आणि गाडीला दुसऱ्या. माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो: आपलं नियोजन पंपांची संख्या धरून चाललं आहे. ते रोज विकल्या जाणाऱ्या किलोंवर आणि पंप चालू राहण्याच्या तासांवर चालायला हवं.

हे पैशात मांडतो. ३० टक्के म्हणजे साडेचार कोटी धरले, तर पंप १५ कोटींचा झाला. समजा तो रोज ५०० किलो देऊ शकतो आणि दहा वर्षं चालतो. व्याज, पगार, दुरुस्ती सगळं बाजूला ठेवा. पूर्ण क्षमतेने विक्री झाली तर पंपाच्या भांडवलाचा भार किलोमागे ८२ रुपये पडतो. विक्री क्षमतेच्या दहाव्या हिश्शावर राहिली तर तोच भार ८२० रुपये होतो. यात हायड्रोजनची किंमत अजून आलेलीच नाही. रोजच्या गिऱ्हाइकाशिवाय उभा केलेला पंप असा मरतो. यंत्रं चांगली असोत, माणसं प्रामाणिक असोत, पहिल्या दिवशी फीत कापायला कोणीही येवो, या हिशोबापुढे काही चालत नाही.

कॅलिफोर्नियात हेच घडलं. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला: किमान १०० सार्वजनिक पंप होईपर्यंत दरवर्षी २ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा. पैसा मिळाला, पंप झाले, गाड्याही काही हजार विकल्या गेल्या. जून २०१९ मध्ये सांता क्लारा इथल्या भरणा केंद्रात स्फोट आणि आग झाली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच पंपांना तिथूनच ट्रेलर जात होते. पंप जागेवर धडधाकट उभे, पण देण्याला माल नाही. लोक गाड्या घेऊन पंपापंपावर हिंडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथले आपले छोट्या गाड्यांचे पंप कायमचे बंद केले. शंभराचं लक्ष्य दहा वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास अडकलं.

आपल्याकडे याचा अनुभव सीएनजीवाल्यांनी नुकताच घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गेल कंपनीची मुख्य गॅसवाहिनी दुखावली गेली, शहराला गॅस जिथून मिळतो त्या वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला गॅस कमी पडला, आणि मुंबई-ठाण्यात रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. इतकी वर्षं मुरलेलं, पाइपलाइनवर चालणारं जाळं एका ठिकाणच्या नुकसानीने असं अडखळतं. तरी टॅक्सीला पेट्रोलचा आधार असतो, डिकीत टाकी असली तरी पेट्रोलवर घर गाठता येतं. फ्युएल सेलच्या ट्रकला तसा दुसरा आधार नाही. टाकी रिकामी झाली की ४० टनांची गाडी जिथे आहे तिथे उभी राहते.

मुंबईत सीएनजी का रुजला, हे नियोजन करणाऱ्यांनी बारकाईने पाहावं असं मला मनापासून वाटतं. या शतकाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. गिऱ्हाईक नक्की झालं: रोज धावणारं, रोज भरणारं, ठरलेल्या भागात फिरणारं. त्यानंतर पंपवाल्याला हिशोब मांडता आला. रांगा लागल्या, शिव्या खाल्ल्या, पण धंदा बुडाला नाही. हायड्रोजनला आज हे गिऱ्हाईक कोर्ट देणार नाही. ते करारानेच उभं करावं लागेल.

आता जागा. मुंबई शहरात हायड्रोजन पंप नको, निदान सुरुवातीला तरी नको. बेस्टच्या बसला रोज रात्री डेपोत यायचं असतं, तिथे चार्जर पुरतो. बारा मीटरच्या फ्युएल सेल बसला शंभर किलोमीटरला ८ किलो हायड्रोजन लागतो, आणि तो बनवायला किलोमागे ५५ युनिट वीज धरली तर किलोमीटरला साडेचार युनिट होतात. बॅटरीची बस सव्वा-दीड युनिटात तेवढंच धावते. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराने जानेवारी २०२२ मध्ये ५१ हायड्रोजन बसचा बेत याच हिशोबाने सोडला. शहर बससाठी हा विषय माझ्या मते मिटलेला आहे.

तुमचा मार्ग वेगळा आहे. जेएनपीटी ते चाकण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये बोरघाट, गाडी भरलेली, आणि मालकाला दिवसाकाठी फेरी पूर्ण हवी. इथे बॅटरीचं वजन आणि चार्जिंगचा वेळ बोचतो, म्हणून हायड्रोजनची चर्चा तरी करता येते. भरलेल्या जड ट्रकला शंभर किलोमीटरला ९ किलो धरा. घाट चढताना जास्त जाईल, उतरताना थोडं वाचेल. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरला साधारण २२ ते २३ किलो. ३५० बार दाबाच्या टाक्यांत असे ट्रक तीसएक किलो घेऊन फिरतात. म्हणजे एका भरण्यात पूर्ण फेरी होते.

याचा नियोजनाला फार मोठा उपयोग आहे. गाडी एका भरण्यात फेरी करत असेल तर एक्स्प्रेसवेवर मध्येच, खालापूरच्या आसपास वगैरे, पंप उभारायची गरज नाही. तिथे ड्रायव्हरला थांबायचंच नसतं. पंप हवेत दोन टोकांना: एक बंदराच्या बाजूला, करळ फाटा-कळंबोली पट्ट्यात, जिथे गाड्या गेटपाससाठी आणि भाड्यासाठी तशाही तासन् तास उभ्या असतात, आणि दुसरा तळेगाव-चाकणला. एक बंद पडला तर दुसरा धंदा सांभाळतो. मात्र दोन्हींना माल दोन वेगळ्या ठिकाणांहून आला पाहिजे. एकाच प्लांटमधून दोघांना ट्रेलर जाणार असतील तर आपण सांता क्लाराच उभं करू.

युरोपने अंतराची फूटपट्टी लावली आहे. २०३० अखेरपर्यंत मुख्य महामार्गांच्या जाळ्यावर दर २०० किलोमीटरला एक पंप, रोज किमान एक टन क्षमतेचा, असा तिथला नियम आहे. क्षमतेची अट घातली हे चांगलं. पण जर्मनीत आधी छोट्या गाड्यांसाठी उभारलेले पंप आता बंद होऊ लागले आहेत आणि ते चालवणारी कंपनी बस-ट्रकच्या मोठ्या पंपांकडे वळली आहे. एक टनाच्या पंपाला तुमच्या मार्गावर रोज फेरी करणारे ४०-४५ ट्रक लागतील. देशभरच्या पाचही प्रकल्पांत मिळून वाहनं ३७ आहेत, हे लक्षात घ्या. म्हणून आजचा टप्पा चाचणीचाच आहे, आणि चाचणी म्हणून तो योग्य आहे. चाचणीच्या आकड्यांवरून पंपांची संख्या जाहीर करणं मात्र घाईचं ठरेल.

माल येणार कुठून? मुंबईत हायड्रोजन नवा नाही. माहुलच्या रिफायनऱ्या आणि आरसीएफ तो नैसर्गिक वायूपासून बनवतात आणि आपल्याच प्रक्रियेत वापरतात. कोणी म्हणेल, यातलाच थोडा पंपाला द्या. यात अडचण आहे. वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमच्या ट्रकला शंभर किलोमीटरला ९ किलो, म्हणजे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलचा ट्रक लिटरला तीन किलोमीटर देत असेल तर शंभर किलोमीटरला ३३ लिटर, तोही ९० किलोच्या घरात. कळंबोलीची हवा सुधारेल, कारण धूर रस्त्यावर निघणार नाही आणि तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते मोलाचं आहे. पण हवामानाच्या नावाने सरकारी पैसा घालायला तेवढं पुरत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची मर्यादा किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड ठरवली आहे. पंपाच्या अनुदानाला हीच अट पहिल्या दिवसापासून असावी.

वाहतुकीचा भागही सोपा नाही. नेहमीचा स्टीलच्या नळ्यांचा ट्रेलर २०० बारला जेमतेम ३००-३५० किलो माल आणतो. लोखंड जास्त, माल कमी. पाचशे किलोच्या पंपाला रोज दीड-दोन ट्रेलर आले, आणि तेही सायन-पनवेलच्या किंवा उरण रस्त्याच्या वाहतुकीतून. म्हणून कळंबोलीच्या पंपाचं उत्पादन तळोजा किंवा रसायनीसारख्या जवळच्या औद्योगिक पट्ट्यात असावं. पाण्याची चिंता लोक करतात, ती मला मोठी वाटत नाही. एका किलोला रासायनिक हिशोबाने ९ लिटर, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून दुप्पट-तिप्पट. टनाला २०-३० हजार लिटर म्हणजे दोन-तीन टँकर, आणि सांडपाणी शुद्ध करून वापरलं तर तेही वाचतात.

आता पंपावर प्रत्यक्ष काय वेगळं असतं ते सांगतो, कारण सरकारी आराखड्यांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो आणि पंप बंद पडतो तो इथेच. सीएनजी पंपावर गळतीचा पहिला सेन्सर म्हणजे नोझलवाल्या पोराचं नाक. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. फ्युएल सेलच्या हायड्रोजनला तो घालता येत नाही, कारण त्या वासातलं गंधक सेलचं उत्प्रेरक खराब करतं. ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद प्रमाणात तो पेटू शकतो, आणि पेटायला ठिणगी अगदी बारीक पुरते. जमेची बाजू एवढीच की तो हलका असल्यामुळे झटकन वर निघून जातो. पण वर सपाट छत आणि खाली फॉल्स सीलिंग असेल, जसं आपल्या बऱ्याच पंपांवर दिसतं, तर तो तिथे साठतो. त्यामुळे सीएनजी पंपाच्याच छताखाली एक डिस्पेन्सर वाढवून घेतला, असं इथे चालत नाही. जुने पाइप आणि कॉम्प्रेसरही चालत नाहीत. हायड्रोजन काही पोलादांत शिरून ती ठिसूळ करतो.

कॉम्प्रेसर हा या पंपाचा सगळ्यात दुखरा भाग. सील आणि डायफ्राम जातात, सुटे भाग बऱ्याचदा परदेशातून यावे लागतात, आणि तोवर पंप बंद. संध्याकाळी पाच ट्रक एकामागून एक आले की साठ्याचा दाब खाली येतो. पहिली गाडी पंधरा-वीस मिनिटांत भरते, पाचवी तिष्ठत बसते. कागदावरचे रोजचे ५०० किलो आणि गर्दीच्या तासात मिळणारे किलो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निविदेत दुसरा आकडा विचारला पाहिजे.

कारसाठीच्या ७०० बारच्या पंपावर गॅस उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरतात. दमट हवेत नोझल गाडीच्या तोंडालाच गोठून चिकटते, हा परदेशातला अनुभव आहे. जुलैतल्या उरणची हवा डोळ्यांसमोर आणा. ट्रक-बसच्या ३५० बारला ही थंडी कमी लागते किंवा सावकाश भरलं तर लागतही नाही. आपल्या किनाऱ्यावर ३५० बारनेच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. शुद्धतेचं तपासणं वेगळंच: फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध माल लागतो, गंधक अब्जात चार भागांच्या आत. त्या तोडीची प्रयोगशाळा हाताशी असणं हासुद्धा पंपाच्या नियोजनाचाच भाग आहे.

सुरक्षिततेचा परवाना पेसो ही केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची संस्था देते, मुख्यालय नागपूरला. त्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांची एनओसी, अग्निशमन, विजेची जोडणी, आणि किलोचं माप बरोबर आहे हे वैधमापन विभागाकडून. यातलं कुठलंही अनावश्यक नाही. नॉर्वेत १० जून २०१९ ला सांडविकाच्या पंपावर स्फोट झाला, कारण साठवण टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळले नव्हते. तेवढ्यावरून तिथली हायड्रोजन गाड्यांची विक्रीच काही काळ थांबवावी लागली. म्हणून मी परवान्यांत सूट मागत नाही. जमीन सिडको, बंदर प्राधिकरण (जेएनपीए) किंवा एमआयडीसीची असेल तर त्यांनीच आधी अंतरं मोजून, परवान्याच्या प्राथमिक मंजुरीसह प्लॉट तयार ठेवावा, आणि मग निविदा काढावी. आपल्याकडे उलटं होतं: निविदा आधी, मग सुरक्षित अंतर बसत नाही म्हणून जागेची शोधाशोध, आणि वर्ष निघून जातं.

अनुदानाची रचना मी अशी करीन. साडेचार कोटींपैकी लहान हिस्सा उभारणीला. उरलेला पाच-सात वर्षांत, पंप चालू राहिल्याच्या तासांवर आणि विकलेल्या किलोंवर. अर्जासोबत ट्रकमालकांचे रोजच्या किलोंचे करार जोडणं बंधनकारक. जादा कॉम्प्रेसर आणि दुसऱ्या पुरवठादाराचा करार असल्याशिवाय मंजुरी नाही. आणि पंप चालू की बंद, साठा किती, भाव काय, हे ड्रायव्हरला निघण्याआधी मोबाइलवर दिसलं पाहिजे. राज्याने वाहन-अनुदानात मालट्रकही घ्यावेत, नाहीतर पंप एका गिऱ्हाइकासाठी आणि सवलत दुसऱ्यासाठी अशी आजची फारकत तशीच राहील.

आता तुमच्या गाड्या. थांबू नका. बंदर ते यार्ड अशा आखूड फेऱ्यांसाठी बॅटरीच्या गाडीचा हिशोब मांडून बघा. पुण्याच्या फेरीला आज मिळणारी बीएस-६ डिझेल, किंवा तुमच्या टनेजमध्ये बसत असेल तर सीएनजी-एलएनजी गाडी घ्या. कोणी हायड्रोजन ट्रक चाचणीला चालवायला दिला तर जरूर चालवा, तुमच्या घाटातल्या अनुभवाची या क्षेत्राला फार गरज आहे.

फक्त भावाचं गणित पाठ ठेवा. डिझेल ९० रुपये आणि लिटरला तीन किलोमीटर धरले तर तुमचा इंधनखर्च किलोमीटरला ३० रुपये. शंभर किलोमीटरला ९ किलो या दराने हायड्रोजन किलोला ३३० रुपयांच्या आत मिळाला तरच बरोबरी होते. साध्या औद्योगिक विजेने, युनिटला सात रुपये धरले तर, नुसती वीजच किलोमागे ३८५ होते. सौर-पवन करार करून, वहनशुल्काच्या सवलती घेऊन वीज चार रुपयांवर आणली तर २२० रुपये, आणि उरलेल्या ११० मध्ये इलेक्ट्रोलायझर, दाब, ट्रेलर, पंप, पगार आणि नफा हे सगळं बसवायचं. आज ते बसत नाही.

म्हणून चाचणीच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: इंधनाचा भाव डिझेलच्या किलोमीटर-खर्चाशी बांधलेला असेल, पंप बंद असल्याने गाडी उभी राहिली तर दिवसाचं भाडं कोण देणार, आणि गाडी रस्त्यात संपली तर घाटातून ओढून आणायचा खर्च कुणाचा. समोरची कंपनी या तीनवर सही करत असेल तर तिच्याकडे पंपाचं नियोजन खरंच आहे, असं समजायला हरकत नाही.